काट्यावर ठेवलेले देव

‘करणारा कोण ते माहीत नाही ना? मग वजनावर जाऊ द्या.’

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्याच घराच्या वाटणीत. थोरले चुलते गेले, वर्षश्राद्ध झालं आणि अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या जुन्या वाड्यातलं सामान तीन घरांत वाटायचं ठरलं. जमीन झाली, भांडी झाली, मग देवघराची पाळी आली. टाक थोरल्या घराकडे गेले, ती रीतच आहे. उरल्या पाच ओतीव मूर्ती: घोड्यावरचा खंडोबा, मांडीवर पळी आडवी धरलेली अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, एक नंदी आणि वीतभर उंचीचा वीरभद्र. वाटा सारखा पडावा म्हणून त्यांची किंमत करायला त्या पेठेतल्या एका दुकानात नेल्या. दुकानदाराने एकेक मूर्ती उलटी केली, तळाला नाव किंवा शिक्का नाही हे पाहिलं आणि पाचही एकदम काट्यावर ठेवल्या. पावणेचार किलो. त्यातून घट वजा. दोन मिनिटांत हिशेब संपला.

दुकानदारावर माझा राग नाही. तो धातू घेतो आणि विकतो, त्याने धातू पाहिला. राग आहे तो पुढे वर्षभर हेच मत ज्यांच्या तोंडून ऐकलं त्या शिकल्यासवरल्या माणसांवर. त्यांचं म्हणणं असं: कलावस्तूला मोल येतं ते कलावंताच्या नावामुळे. नाव नसेल तर निदान राजवट हवी, शिलालेख हवा, देऊळ हवं. खेड्यातल्या देवघरातल्या मूर्तीला यातलं काहीच नाही. काम ओबडधोबड, काळ ठाऊक नाही, कर्ता अज्ञात. तेव्हा पूजा करायची असेल तर करा, नसेल तर मोडीत द्या. मूल्यांकन वगैरेचा घोळ कशाला?

हे मत व्यवहारी वाटतं, म्हणूनच ते घातक आहे. मराठवाड्यात आज एकामागून एक वाडे पडताहेत, भाऊ पुण्याला जाताहेत, वाटण्या होताहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या देवघरात राहिलेला धातू या एका वाक्याच्या जोरावर भट्टीत जातो आहे. १९७२च्या दुष्काळात आमच्याकडच्या घराघरांतून हंडे, पराती, बंब मोडीला गेले. जुनी माणसं ते अजून सांगतात आणि सांगताना आवंढा गिळतात. पण त्या उपासमारीतही देव विकले नव्हते. मग आता, पोटाला दोन वेळा मिळत असताना, आपण ते का विकतो आहोत?

आधी त्या ‘अज्ञात’ शब्दाचा निकाल लावू.

अज्ञात कुणाला? ज्या ओताऱ्याने तो खंडोबा ओतला तो काही रात्रीत येऊन मूर्ती ठेवून पळून गेला नव्हता. तो गावात राहत होता किंवा गावोगाव फिरत होता. त्याला घरधनी ओळखत होता, घरच्या बायका ओळखत होत्या, त्याच्या भट्टीचा धूर कुठल्या आळीतून निघतो हे पोराटोरांना ठाऊक होतं. त्याला धान्य मिळालं असेल, धोतरजोडी मिळाली असेल, काम चुकलं तर बोलणीही खावी लागली असतील. त्याने तळाला नाव कोरलं नाही, कारण मूर्ती देवाची होती आणि ज्याला सांगायचं त्याला नाव माहीतच होतं. नाव हरवलं ते नंतर, आपल्या घरात, आपल्या विसरण्यात. आपण एखाद्याला विसरलो म्हणून त्याच्या कामाची किंमत उतरते, हा कुठला न्याय?

आणि नावाशिवाय मोल नसेल, तर मग संग्रहालयांना कुलूपच लावावं लागेल. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाच्या बुडाशी खणताना चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. भरीव ओतकाम, चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. या चार वस्तू कुणी घडवल्या? कुणालाही माहीत नाही, कधी कळणारही नाही. काळाबद्दलसुद्धा वाद झाला. बहुतेक अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे चारएक हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण पाहून डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली. कर्ता अज्ञात, काळ वादग्रस्त. वजनावर जायचं तर साठ किलो तांबं होतं ते. आज त्या रथाशिवाय दक्षिणेतल्या ताम्रपाषाण युगाबद्दल बोलता येत नाही, आणि तो वाद झाला तोही वस्तू शाबूत होत्या म्हणून. वितळलेल्या धातूवर कुणी प्रबंध लिहीत नाही.

बाजाराचीच भाषा हवी असेल तर बाजारातलं उदाहरण देतो. तामिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या देवळातून चोरलेला चोलकालीन नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली सुमारे पन्नास लाख अमेरिकी डॉलर मोजून विकत घेतला. चोरीचा माल निघाला म्हणून २०१४ साली तो भारताला परत करावा लागला. त्या नटराजाचा शिल्पी कोण? अज्ञात. जगातलं एक मोठं कलादालन अज्ञात माणसाच्या कामासाठी एवढी रक्कम मोजतं, आणि आपण म्हणतो की नाव नाही म्हणून मोल नाही.

यावर लगेच उत्तर येतं: ‘अहो, ते चोल कुठे आणि आपला ओबडधोबड खंडोबा कुठे!’ या उत्तराने मला सगळ्यांत जास्त चीड येते, कारण ते देणाऱ्याने तो खंडोबा कधी हातात घेऊन पाहिलेला नसतो.

घेऊन पाहा. मूर्ती मुठीत मावते. ती तशीच मावावी म्हणून तेवढी केली आहे; ती गाभाऱ्यात उभी राहणार नव्हती, रोज उचलली, न्हाऊ घातली, पुसली जाणार होती. घोड्याचे पाय आखूड आणि जाड आहेत, कारण लांब सडपातळ पाय पाच-पन्नास वर्षांच्या घासण्याने मोडले असते. डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे आहेत. मला वाटतं, नाक-ओठ झिजून गेले तरी देवाने भक्ताकडे बघत राहावं, हा हिशेब त्या हातांनी केला होता. आमच्या खंडोबाचं नाक आज उरलेलं नाही. डोळे आहेत. हातात खड्ग आहे, डमरू आहे, पानपात्राचा काठ झिजून सपाट झालाय. मागे बसलेल्या म्हाळसेचा चेहरा गेलाय, पण तिचा हात त्याच्या कमरेला आहे तो अजून स्पष्ट दिसतो. घोड्याच्या पोटाखाली कुत्रा आहे. एवढं सगळं चार बोटं उंचीत बसवायचं, तेही मेणात उलटसुलट विचार करून, याला ओबडधोबड म्हणायचं असेल तर सुबक कशाला म्हणायचं? रा. चिं. ढेरे यांनी आयुष्य घालून खंडोबा आणि इतर लोकदैवतं समजावून सांगितली. गुंथर सोन्थायमर जर्मनीतून येऊन आमच्या धनगरांच्या ओव्या ऐकत माळरानांवरून फिरले. बीडच्या टेकडीवरच्या खंडोबाला आणि त्याच्या दोन उंच दीपमाळांना आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. आणि त्याच देवाचं घरातलं रूप मात्र ‘ओबडधोबड’!

या ओतकामाची परंपरा खेडवळ म्हणून हलकी, हा समजही अज्ञानाचा आहे. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही रीत ‘मानसोल्लास’ या ग्रंथात पायरीपायरीने लिहून ठेवली आहे. ग्रंथ चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा, बाराव्या शतकातला, राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण. आमच्या धर्मापुरीचं केदारेश्वराचं देऊळ त्याच चालुक्यांच्या मुलखातलं. मेण आधी तोलायचं आणि त्यावरून धातू किती लागेल ते काढायचं, हेही त्या ग्रंथात आहे. राजाच्या ग्रंथातली विद्या आणि वेशीबाहेर भट्टी लावणाऱ्या ओताऱ्याची विद्या एकच होती. फरक एवढाच की ओताऱ्याने ती लिहिली नाही, करून दाखवली. या रीतीत साचा दरवेळी फोडावाच लागतो, म्हणून तशी दुसरी मूर्ती होत नाही. आमच्या वीरभद्राच्या तळाला आतल्या बाजूने एक उथळ खळगा आहे, अंगठ्याएवढा, आणि उन्हात तिरका धरला की त्यात बारीक रेघा दिसतात. मऊ मेणावर दाबलेला अंगठा तसाच धातूत उतरला आहे. दुकानदाराने तळ उलटून पाहिला तेव्हा तो नाव शोधत होता.

आता वजनाच्या हिशेबाबद्दल. तो हिशेब स्वतःच्या नियमानेसुद्धा खोटा आहे. त्याच पेठेत नवी अन्नपूर्णा घ्यायला गेलात तर धातूच्या भावावर घडणावळ द्यावी लागते. साच्यातून शेकड्यांनी निघालेल्या, मशीनने चकचकीत केलेल्या मूर्तीला घडणावळ आहे. मग हाताने केलेली, पुन्हा होणार नाही अशी मूर्ती विकायला नेली की घडणावळ शून्य कशी होते? कुणाची मजुरी कुणी खाल्ली? दागिन्यात हे होतं म्हणून सोसतो आपण, पण दागिना निदान सोन्याचा असतो. पितळेच्या मोडीला किलोमागे काही शे रुपये येतात. पाच देवांचे मिळून जे पैसे आले असते त्यात आमच्या तिन्ही घरांचं एक वेळचं किराणा सामान भरलं नसतं.

‘पण मूल्यांकन करायचं तरी कसं? नाव नाही, कागद नाही.’ करता येतं, आणि ते करणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, छत्रपती संभाजीनगरला राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे. जाणकार आधी मूर्तीची पाठ बघतो, कारण पुढून फसवता येतं, पाठीने फसवता येत नाही. साच्याच्या दोन भागांची शिवण दिसते का, कानशीचे व्रण हाताचे आहेत की ग्राइंडरचे, झीज कुठे आहे, हे तो पाहतो. पूजेची झीज उंचवट्यांवर असते, खाचांत गंध आणि तेल दगडासारखं बसलेलं असतं. खोटी जुनी मूर्ती सगळीकडून सारखी झिजलेली असते, आणि मीठ-आम्लात पुरून आणलेला तिचा हिरवा गंज नखाने निघतो. एक्स-रेने धातू न खरवडता त्यातले घटक मोजता येतात. तांब्यात कथील असेल तर कांसं, जस्त असेल तर पितळ. जस्त तिसाहून बरंच जास्त निघालं, तर ते खनिजासोबत तांबं तापवून केलेलं जुन्या पद्धतीचं पितळ नव्हे, शुद्ध जस्त मिसळलेलं आहे, एवढं सांगता येतं. मूर्ती पोकळ असेल आणि आत जळकी माती उरली असेल तर ती माती शेवटची कधी तापली तेही काढता येतं. मग रूप: खंडोबाला किती हात, बायको एक की दोन, वीरभद्राच्या पायाशी बोकडाच्या तोंडाचा दक्ष आहे का. यावरून प्रांत आणि घराण्याचा पंथ कळत जातो. यातल्या कुठल्याही पायरीला कर्त्याचं नाव लागत नाही. मात्र प्रत्येक पायरीला मूर्ती लागते, आणि तीही मशीनवर घासून आरशासारखी न केलेली.

भाविक मंडळींचा आक्षेप वेगळा. ‘देवाची का कुणी किंमत करतं? पाप आहे ते.’ हे मी मान्य केलं असतं, जर हेच हात देवाला काट्यावर ठेवायला कचरले असते तर. झिजलेली मूर्ती विसर्जित करावी, टाक उजळून नवे करावेत, ही आपली जुनी रीत आहे आणि ज्या घराला ती पाळायची त्याने खुशाल पाळावी. पण पाळण्याआधी फोटो काढायला, माप घ्यायला, ती काय होती हे लिहून ठेवायला कुठलं शास्त्र आडवं येतं? किंमत करणं म्हणजे विकणं नव्हे. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या जालना जिल्ह्यात, जांब समर्थला, समर्थ रामदासांच्या पूजेतल्या पंचधातूच्या मूर्ती देवळातून चोरीला गेल्या तेव्हा अख्खा मराठवाडा हळहळला. पोलिसांनी दोनेक महिन्यांत त्या शोधून आणल्या. त्या दोन महिन्यांत कुणी विचारलं का, की या घडवणारा कोण होता? कुणी वजन विचारलं का? त्या मूर्ती ओळखता आल्या कारण हजारोंनी त्या डोळे भरून पाहिल्या होत्या. तुमच्या देवघरातला बाळकृष्ण उद्या गेला तर ठाण्यात काय सांगाल? ‘पितळेचा होता, रांगत होता.’ श्रीपुरंदानचा नटराज आपला आहे हे दाखवता आलं ते पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने तो देवळात असताना काढून ठेवलेल्या फोटोमुळे. आपल्या देवाचा फोटो काढायलाही परक्यांनीच यावं का?

आणखी एक भीती हळू आवाजात सांगितली जाते: ‘नोंद केली की सरकार घेऊन जाईल.’ पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींचा कायदा १९७२चा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती पुरावस्तू ठरते. अर्ज आणि फोटो देऊन नोंदणी केली तरी मालकी घराचीच राहते. बंदी आहे ती देशाबाहेर पाठवण्यावर आणि परवान्याशिवाय तिचा धंदा करण्यावर. सक्तीने ताब्यात घेण्याचं कलम त्यात आहे, पण खऱ्याखुऱ्या धार्मिक उपासनेत असलेल्या वस्तूला ते लागूच होत नाही, असं त्याच कलमात लिहिलं आहे. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाचा कायदा १८७८चा, तो निराळा; वारशाने आलेल्या देवघराशी त्याचा संबंध नाही. कायदा न वाचता भ्यायचं आणि त्या भीतीपोटी देव भट्टीत घालायचे, हे कसलं शहाणपण?

‘नाव नाही म्हणजे मोल नाही’ या मताला एक जुळं भावंड आहे, तेही आमच्या जिल्ह्यात जोरात आहे: ‘जुनं आहे म्हणजे कोटींचं आहे.’ तांदूळ ओढणारा तांब्या, विजेचा तांब्या, ‘राइस पुलर’ या नावाने माणसं लुटल्याचे गुन्हे देशभर नोंदले गेले आहेत. एक म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो कोटी. दोघांपैकी एकानेही मूर्तीकडे पाहिलेलं नसतं. खरं मूल्यांकन बहुतेक वेळा सांगतं की मूर्ती दीडशे वर्षांची आहे, बाजारात अमुक हजारांची आहे, आणि या भागातल्या अमुक प्रकारच्या कामाचा चांगला नमुना आहे. हे ऐकून ज्याची निराशा होते त्याला मूर्ती नको होती, लॉटरी हवी होती.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी जुन्या बाजारांतून, पडक्या वाड्यांतून दिवे, अडकित्ते, देव, वजऱ्या गोळा केल्या. वीसेक हजार वस्तू जमल्या आणि त्या त्यांनी सरकारला देऊन टाकल्या. जवळजवळ एकाही वस्तूवर करणाऱ्याचं नाव नाही. केळकर कवीही होते आणि कविता ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. आमच्या बाजूला तेरचे रामलिंगप्पा लामतुरे. त्यांनी गावातली खापरं, मातीच्या बाहुल्या, हस्तिदंताची मूर्ती जपली नसती तर तेर आणि रोमचा व्यापार आपण नुसता वाचला असता, पाहिला नसता. या दोघांनी नाव विचारून वस्तू घेतल्या असत्या तर त्यांची घरं रिकामी राहिली असती.

आमच्या वाटणीत मी खंडोबा आणि वीरभद्र हट्टाने मागून घेतले. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण चुलतभावांच्या बायकांनी ठेवले. नंदी सगळ्यांत साधा होता. शिंगं ठसठशीत, बाकी अंग गुळगुळीत. तो कुणालाच नको होता, आणि त्या वेळी मीही त्याच्यासाठी भांडलो नाही. तो मोडीला गेला.

चार महिन्यांनी मोठ्या आईला भेटायला गेलो. ती पंच्याऐंशीच्या घरात आहे, तोंडाने नाव घेत पडलेली असते. वीरभद्राचा तळ तिला दाखवला तर तो तिच्या लग्नाच्याही आधीचा, एवढंच ती म्हणाली. मग आपणहूनच बोलू लागली. ‘नंदी मात्र माझ्यासमोर झाला. आत्याबाईंची माहेरची घागर होती, बूड गेलं तिचं. ओतारी खालच्या वेशीपाशी पाल ठोकून होता पावसाळाभर. आत्याबाईंनी घागर त्याच्यापुढं टाकली, म्हणल्या, ह्याचा नंदी कर, राहिल्याची समई कर. चार पायल्या जवारी दिली. शिंगं पहिल्यांदा बारीक केली होती, आत्याबाईंनी मेण मोडायला लावलं.’ ओताऱ्याचं नाव तिला आठवेना. त्याच्या बायकोचं आठवलं, कारण दोघी बरोबर पाण्याला जायच्या.

साठ-पासष्ट वर्षांचा नंदी. कायद्याने पुरावस्तू नव्हता, बाजारात त्याला फारसं कुणी विचारलं नसतं. पाचांमधला तो एकटाच असा होता की ज्याचा धातू कुठून आला, मजुरी काय दिली, शिंगं का मोठी केली, हे सांगणारं माणूस घरात जिवंत होतं. वाटणीच्या दिवशी ती त्याच सोप्यात, पाच हातांवर, भिंतीला टेकून बसली होती.

‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’ मी विचारलं.

‘मला कुठं कुणी इचारलं,’ ती म्हणाली. ‘समई तरी हाय का घरात?’